महानगराची ओळख कशी करून घ्यावी : बदनापूर ते छत्रपती संभाजीनगर

तुरीच्या ‘बीडीएन’ वाणांमुळे शेतकऱ्यांना परिचित असलेले बदनापूर हे जालना जिल्ह्यातील तालुक्याचे गाव असून, जालना आणि छत्रपती संभाजीनगर यांना जोडणारा रस्ता आणि लोहमार्ग हे दोन्ही त्याच्याजवळून जातात. पूर्वेला सुमारे २० किलोमीटरवर जालना आहे आणि पश्चिमेला सुमारे ४० किलोमीटरवर छत्रपती संभाजीनगर. १ मे १९८१ रोजी जालना जिल्हा स्वतंत्र झाला. तोवर हा सारा परिसर औरंगाबाद जिल्ह्यातच होता. जिल्हा वेगळा झाल्यावर जिल्हाधिकारी कार्यालयातील कामे जालन्यात होऊ लागली, तरी विभागीय आयुक्तालय, मुंबई उच्च न्यायालयाचे खंडपीठ, ‘घाटी’ या नावाने ओळखले जाणारे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय, डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ आणि शेंद्रा-चिकलठाण्यापासून वाळूजपर्यंत पसरलेल्या औद्योगिक वसाहती यांसाठी बदनापूरकरांची वाट पश्चिमेकडेच वळते.

अशा वारंवार होणाऱ्या येण्याजाण्यातूनही शहराची ओळख होतेच असे नाही. बहुतेक माणसे ठरलेल्या थांब्यावर उतरतात, ठरलेल्या कार्यालयात किंवा दुकानात जातात आणि त्याच वाटेने परततात. त्यामुळे वर्षानुवर्षे शहरात ये-जा करूनही त्यांच्या माहितीचे शहर एका अरुंद पट्टीएवढेच राहते, आणि त्या पट्टीबाहेरचे एखादे काम निघाले की पुन्हा नवखेपणाची धास्ती वाटू लागते. २०११ च्या जनगणनेत पावणेबारा लाखांच्या घरात लोकसंख्या असलेले हे शहर त्यानंतर आणखी वाढले आहे. एवढ्या शहराची प्रत्येक गल्ली कोणालाच पाठ नसते. जन्मभर तेथे राहिलेल्यांनाही नसते. तेथील रहिवासी निर्धास्तपणे वावरतात, कारण त्यांना शहराची रचना ठाऊक असते. रचना ओळखण्याचे हे कौशल्य शिकता येते, आणि आठवडी बाजार व एसटीचा थांबा यांवर वाढलेल्या माणसाकडे त्याचा मोठा भाग आधीपासूनच असतो.

मनातला नकाशा

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एडवर्ड टोलमन यांनी उंदरांवरील प्रयोगांच्या आधारे १९४८ मध्ये असे मांडले की, प्राणी केवळ वळणांचा क्रम पाठ करत नाहीत, तर जागेची एक आकृती मनात तयार करतात. या आकृतीला त्यांनी ‘बोधात्मक नकाशा’, म्हणजे अनुभवातून मनात उभा राहिलेला नकाशा, असे नाव दिले. शहरात येणाऱ्या माणसाला हा भेद फार उपयोगी पडतो. कारण ‘पुतळ्यापासून डावीकडे, मग तिसरी गल्ली’ एवढेच पाठ केलेला माणूस मिरवणुकीमुळे किंवा खोदकामामुळे रस्ता बंद असला की अडून पडतो, तर ज्याच्या मनात आकृती असते तो दुसरी वाट काढतो.

ही आकृती कशाकशाची बनते, याचा अभ्यास नगररचनेचे अभ्यासक केव्हिन लिंच यांनी बोस्टन, जर्सी सिटी आणि लॉस एंजेलिस या तीन अमेरिकी शहरांत केला आणि १९६० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द इमेज ऑफ द सिटी’ या ग्रंथात तिचे पाच घटक सांगितले. पहिला घटक मार्ग, म्हणजे ज्यांवरून लोक ये-जा करतात ते रस्ते. दुसरा कडा, म्हणजे नदी, लोहमार्ग किंवा तटबंदी यांसारख्या दोन भागांना विलग करणाऱ्या रेषा. तिसरा विभाग, म्हणजे स्वतःची वेगळी ठेवण असलेले भाग. चौथा गाठी, म्हणजे जेथे मार्ग मिळतात आणि वाहन बदलावे लागते असे चौक व स्थानके. आणि पाचवा खुणा, म्हणजे दुरून ओळखू येणाऱ्या इमारती, पुतळे किंवा वेशी. लिंच यांची शहरे दूरची असली, तरी हे पाच घटक छत्रपती संभाजीनगरावर ठेवून पाहिले की गोंधळाचे वाटणारे शहर चांगलेच सुटसुटीत दिसू लागते.

मुख्य मार्ग आणि त्याच्या कडा

बदनापूरकडून येणाऱ्याच्या दृष्टीने शहराचा प्रमुख मार्ग म्हणजे पूर्व-पश्चिम धावणारा जालना रस्ता होय. शेंद्र्याची औद्योगिक वसाहत मागे पडली की चिकलठाणा आणि विमानतळ लागतो, पुढे मुकुंदवाडी, मग सिडको बसस्थानक, सेव्हन हिल, आकाशवाणी, मोंढा नाका आणि क्रांती चौक, असा या मार्गावरील ठिकाणांचा क्रम आहे. हा क्रम एकदा पाठ झाला की शहरातील कोणतेही ठिकाण ‘जालना रस्त्याच्या कोणत्या गाठीजवळ आणि उत्तरेला की दक्षिणेला’ अशा दोन प्रश्नांनी शोधता येते. साधारणपणे पाहता, या रस्त्याच्या उत्तरेला पश्चिमेकडच्या बाजूस जुने तटबंदीचे शहर आणि पूर्वेकडच्या बाजूस सिडकोची वसाहत आहे; दक्षिणेला गारखेडा व त्यालगतच्या वस्त्या असून, रेल्वेचे मुख्य स्थानक नैऋत्येला आहे.

कडांमध्ये दोन विशेष महत्त्वाच्या आहेत. रस्त्याच्या दक्षिणेला जवळपास समांतर धावणारा लोहमार्ग ही एक कड असून, तो ओलांडण्याच्या जागा मोजक्याच असल्यामुळे नकाशावर जवळ दिसणारे ठिकाणही प्रत्यक्षात वळसा घालून गाठावे लागते. दुसरी कड खाम नदीची आहे. जुन्या शहराच्या पश्चिमेकडून वाहणाऱ्या या नदीपलीकडे छावणीचा लष्करी भाग आहे, तर बेगमपुरा, विद्यापीठाचा परिसर आणि बीबी का मकबरा या बाजूला जाण्यासाठी दरवाजे आणि पूल यांच्या वाटा आहेत. कड कोठे ओलांडता येते हे माहीत असणे म्हणजे शहरातील निम्मी पायपीट वाचवणे होय.

दरवाजे, सेक्टर आणि नावे

या शहराला ५२ दरवाजांचे शहर म्हणतात आणि त्यांतील मोजके दरवाजे आज शिल्लक असले, तरी वाटसरूसाठी त्यांचे मोल कमी झालेले नाही. मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी या जागी नगर वसवले; त्याच्या मुलाच्या, फतेहखानाच्या काळात ते फतेहनगर झाले, आणि औरंगजेब दख्खनचा सुभेदार म्हणून दुसऱ्यांदा आल्यावर, १६५३ मध्ये, त्याला औरंगाबाद हे नाव मिळाले. पुढे शहराभोवती तट बांधण्यात आला आणि त्याच्या प्रमुख दरवाजांना ते ज्या दिशेच्या वाटेवर उघडत त्या ठिकाणांची नावे मिळाली. उत्तरेचा दिल्ली दरवाजा, दक्षिणेचा पैठण दरवाजा, पूर्वेचा जालना दरवाजा आणि पश्चिमेला मक्केच्या दिशेचा मकाई दरवाजा ही चार नावे लक्षात ठेवणाऱ्याला जुन्या शहरात दिशा चुकण्याचे कारण उरत नाही. भडकल दरवाजा मात्र तटाहूनही जुना, मलिक अंबरच्या काळातला असून, तो आजही वाहतुकीची एक ठळक खूण आहे.

जुन्या शहरात पत्ता घरक्रमांकाने क्वचितच सापडतो. गुलमंडी, सिटी चौक, शहागंजचा घड्याळाचा मनोरा, औरंगपुरा, पैठण गेट अशा खुणा सांगून, तेथून ‘समोर’, ‘मागे’ किंवा ‘बोळात’ असा शेवटचा टप्पा सांगण्याची तेथे रीत आहे. त्यामुळे पत्ता घेताना जवळची खूण आवर्जून विचारून घ्यावी. याउलट, १९७० मध्ये स्थापन झालेल्या शहर व औद्योगिक विकास महामंडळाने, म्हणजे सिडकोने, आखलेली वसाहत क्रमांकांवर चालते. तिचे विभाग ‘एन-१’, ‘एन-२’ अशा नावांनी ओळखले जातात, आणि तेथे विभागाचा क्रमांक चुकला तर सारा पत्ताच चुकतो. ‘एन-५’ आणि ‘एन-९’ यांत रिक्षाने गाठावे लागेल इतके अंतर पडू शकते, म्हणून हा आकडा ऐकीव न ठेवता लिहून घेणे इष्ट.

नावांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. शहराच्या छत्रपती संभाजीनगर या नावाला केंद्र सरकारची मान्यता फेब्रुवारी २०२३ मध्ये मिळाली. तथापि जुन्या कागदपत्रांत, काही संस्थांच्या नावांत, फलकांवर आणि अनेकांच्या बोलण्यात औरंगाबाद हे नाव अद्याप आढळते. त्यामुळे ऑनलाइन अर्ज भरताना, तिकीट काढताना किंवा नकाशात शोधताना एका नावाने ठिकाण सापडले नाही तर दुसऱ्या नावाने पाहावे, आणि शासकीय अर्जात मात्र त्या अर्जातील यादीत जे नाव दिले असेल तेच निवडावे.

कोठे उतरावे

नवखा माणूस बहुधा शेवटच्या थांब्यावर उतरतो आणि तेथून रिक्षा करून पुन्हा मागे येतो. हा वेळ आणि पैसा वाचवायचा असेल, तर कामाचे ठिकाण आधी आणि उतरण्याचा थांबा नंतर ठरवावा. जालन्याकडून येणाऱ्या एसटीच्या बहुतेक गाड्या सिडको बसस्थानकावर थांबतात आणि पुढे मध्यवर्ती बसस्थानकाकडे जातात. सिडको, टी. व्ही. सेंटर या भागांत किंवा जालना रस्त्यावरील उच्च न्यायालयाच्या खंडपीठात काम असेल तर सिडको बसस्थानक सोयीचे. घाटी रुग्णालय, विद्यापीठ, मकबरा किंवा औरंगपुरा-गुलमंडीची बाजारपेठ गाठायची असेल तर मध्यवर्ती बसस्थानक जवळचे. शेंद्रा किंवा चिकलठाण्याच्या कारखान्यात मुलाखतीला जाणाऱ्याला शहरात शिरण्याचेच कारण नसते. आपली गाडी तेथील थांब्यावर थांबते का, एवढे वाहकाला चढतानाच विचारून घ्यावे.

एसटीच्या सवलती अनेकांना माहीत असतात, परंतु त्यांच्या अटी माहीत नसतात. ७५ वर्षे पूर्ण झालेल्या ज्येष्ठ नागरिकांना २०२२ पासून मोफत प्रवासाची सवलत आहे, ६५ ते ७५ या वयोगटाला निम्मे भाडे आकारले जाते, आणि मार्च २०२३ पासून महिलांना निम्म्या तिकिटात प्रवास करता येतो. वयाच्या सवलतीसाठी ओळखपत्र जवळ असावे लागते. शहरातील ‘स्मार्ट सिटी बस’ ही २०१९ मध्ये सुरू झालेली सेवा एसटीच्या नेहमीच्या गाड्यांहून वेगळी असल्याने, एसटीतील सवलत तेथेही मिळेल असे गृहीत धरू नये.

रेल्वेने येणाऱ्यांसाठी बदनापूरनंतर करमाड, चिकलठाणा, मुकुंदवाडी आणि मग मुख्य स्थानक अशी स्थानके आहेत. सर्वच गाड्या लहान स्थानकांवर थांबत नाहीत, म्हणून परतीची गाडी बदनापूरला थांबते याची खात्री जातानाच करून घ्यावी. अनारक्षित तिकिटाचा एक नियमही जाणून घेण्याजोगा आहे : २०० किलोमीटरच्या आतील प्रवासाचे अनारक्षित तिकीट काढल्यानंतर ३ तासांत, किंवा त्या ठिकाणी जाणारी पुढची पहिली गाडी सुटेपर्यंत, प्रवास सुरू करावा लागतो, सकाळी काढून ठेवलेले तिकीट संध्याकाळी चालत नाही. रोज शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी ये-जा करणाऱ्यांना मासिक वा त्रैमासिक पास पुष्कळ स्वस्त पडतो. परतीच्या शेवटच्या बसची व शेवटच्या गाडीची वेळ शहरात पाऊल ठेवतानाच टिपून घ्यावी, कारण दिवसभराच्या कामाची आखणी तिच्यावरच अवलंबून असते.

रिक्षा, भाडे आणि वाट विचारणे

शहरात रिक्षा दोन प्रकारे चालते. ठरलेल्या मार्गावर अनेक प्रवासी घेऊन धावणारी ती शेअर रिक्षा, आणि एकाच गिऱ्हाइकासाठी हव्या त्या ठिकाणी जाणारी ती स्पेशल रिक्षा. बदनापूरच्या रस्त्यावरील काळी-पिवळी जीप ज्याने वापरली आहे, त्याला पहिला प्रकार नवा नाही. फक्त बसण्यापूर्वी रिक्षा कोणत्या चौकापर्यंत जाते आणि माणशी किती घेते हे विचारायला हवे. स्पेशल रिक्षासाठी मीटरचे दर प्रादेशिक परिवहन प्राधिकरण ठरवते. मीटरने येण्यास चालक तयार नसेल तर ठिकाण, रक्कम आणि सामानाचे वेगळे पैसे आहेत का, या तिन्ही गोष्टी निघण्यापूर्वी बोलून घ्याव्यात. मोबाइलवरून वाहन मागवता येत असल्यास त्या अ‍ॅपवर दिसणारी रक्कम हा भावतावाचा चांगला आधार ठरतो. नवख्याला ठाऊक नसते ते अंतर, म्हणून फसवणूक भाड्यापेक्षा अंतराच्या अंदाजात अधिक होते. निघण्यापूर्वी नकाशात किलोमीटर पाहून ठेवले की हा प्रश्न बराचसा मिटतो.

वाट विचारणे हे आजही नकाशाइतकेच भरवशाचे साधन आहे, मात्र त्याची पद्धत असते. घाईत चालणाऱ्या वाटसरूपेक्षा दुकानदार, पानटपरीवाला, वाहतूक पोलीस किंवा रिक्षाथांब्यावरील चालक यांना विचारावे, कारण ते रोज त्याच जागी असतात. दूरचे ठिकाण एकदम विचारण्याऐवजी पुढची गाठ विचारावी; ‘विद्यापीठ कोठे’ या प्रश्नापेक्षा ‘मकाई गेटकडे कोणता रस्ता’ या प्रश्नाचे उत्तर अचूक मिळते. उत्तराची खात्री पुढच्या चौकात दुसऱ्याकडून करून घ्यावी. मराठीबरोबरच दखनी वळणाची उर्दू जुन्या शहरात सर्रास बोलली जाते, आणि भाऊ, दादा, काका, मावशी, ताई, भाईजान अशा संबोधनांनी सुरुवात केली तर अनोळखी माणूसही थांबून रस्ता सांगतो. हा शिष्टाचार गावाकडून येणाऱ्याच्या अंगी असतोच. शहरात आल्यावर तो संकोचाने सोडून देऊ नये.

वार आणि वेळ

शहराला जागेप्रमाणे वेळेचीही रचना असते, आणि ती न जाणल्यामुळे वाया जाणाऱ्या फेऱ्यांची संख्या मोठी असते. राज्य शासनाच्या कार्यालयांना २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा लागू झाला असून, त्यांची सर्वसाधारण वेळ सकाळी ९.४५ ते सायंकाळी ६.१५ अशी आहे. अत्यावश्यक सेवा यातून वगळलेल्या आहेत. म्हणजे शनिवारी सुट्टी घेऊन विभागीय कार्यालयात गेलेल्या माणसाला दार बंद मिळते. बाह्यरुग्ण विभाग, म्हणजे दाखल न होता तपासून घेण्याचा विभाग, बहुतेक शासकीय रुग्णालयांत सकाळी चालतो, आणि केसपेपर काढण्याची रांग त्याआधीच लागते. म्हणून घाटीत जाणाऱ्या बदनापूरच्या रुग्णाने पहिली गाडी धरणे आणि जुने कागद, औषधांच्या चिठ्ठ्या व ओळखपत्र एका पिशवीत ठेवणे श्रेयस्कर. शक्य असल्यास सोबत एक नातेवाईक असावा, कारण रुग्णाजवळ बसणे आणि रांगेत उभे राहणे ही दोन्ही कामे एकट्याला जमत नाहीत.

निघण्यापूर्वी काम शहरातच होणारे आहे का, हेही तपासावे. उत्पन्नाचे, रहिवासाचे व तत्सम दाखले तालुक्यातच मिळतात, आणि अनेक अर्ज आपले सरकार सेवा केंद्रातून भरता येतात. २०१५ च्या महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियमानुसार अधिसूचित सेवा ठरावीक मुदतीत मिळणे हा नागरिकाचा हक्क आहे, आणि मुदतीत सेवा न मिळाल्यास अपील करता येते. ही माहिती असलेला माणूस ऐंशी किलोमीटरच्या निष्फळ फेरीपासून वाचतो.

पाहण्याच्या ठिकाणांनाही वार आहेत. अजिंठ्याची लेणी सोमवारी आणि वेरूळची लेणी मंगळवारी बंद असतात. ही साधी गोष्ट ठाऊक नसल्याने दूरवरून आलेली कुटुंबे दारातून परततात. अजिंठा शहरापासून सुमारे १०० किलोमीटर असल्याने पूर्ण दिवस हवा, आणि फर्दापूरच्या फाट्यावर खासगी वाहन ठेवून लेण्यांपर्यंत बसने जावे लागते. वेरूळ सुमारे ३० किलोमीटरवर असून, वाटेतील देवगिरी किल्ला त्याच दिवशी पाहता येतो. उन्हाळ्यात मात्र किल्ल्याची चढण सकाळी लवकर संपवावी.

पैसा, आरोग्य आणि सुरक्षितता

गर्दीतील चोरी आणि मोबाइलवरील फसवणूक हे नवख्यापुढचे दोन मुख्य धोके आहेत. पहिल्यासाठी पैसे एकाच जागी न ठेवणे, बसमध्ये चढताना पिशवी पुढे घेणे आणि परतीच्या भाड्याची रक्कम वेगळी ठेवणे एवढी दक्षता पुरेशी असते. दुसऱ्यासाठी एक नियम पाठ असावा : यूपीआयमध्ये पैसे मिळण्यासाठी पिन टाकावा लागत नाही, पिन टाकला की पैसे जातातच. त्यामुळे ‘पैसे पाठवतो, हा कोड स्कॅन करून पिन टाका’ असे कोणी म्हणाले तर तेथेच थांबावे. फसवणूक झालीच तर १९३० या क्रमांकावर तत्काळ तक्रार करावी, कारण जितक्या लवकर तक्रार होते तितकी रक्कम पुढे जाण्याआधी रोखली जाण्याची शक्यता वाढते. सर्व प्रकारच्या आपत्कालीन मदतीसाठी ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८, रेल्वेतील अडचणीसाठी १३९ आणि संकटातील बालकांसाठी १०९८ हे क्रमांक मोबाइलबरोबर कागदावरही लिहून ठेवावेत. मोबाइल हरवला किंवा बंद पडला तर तो कागदच कामी येतो.

रस्ता ओलांडणे ही शहरातील सर्वांत धोक्याची आणि सर्वांत दुर्लक्षित क्रिया आहे. जालना रस्त्यासारख्या रुंद रस्त्यावर दुभाजकावरून उडी मारून जाण्याचा मोह टाळून सिग्नलच्या चौकापर्यंत चालत जावे, आणि उड्डाणपुलाच्या तोंडाशी कधीही ओलांडू नये, कारण तेथे उतरणाऱ्या वाहनांना माणूस उशिरा दिसतो.

राहायला येणाऱ्यांसाठी

शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी शहरात मुक्काम करणाऱ्याने खोली पाहताना भाड्याआधी पाण्याची चौकशी करावी. शहराला पैठणजवळच्या जायकवाडी धरणातून पाणी येते, आणि गेली अनेक वर्षे ते घरोघरी रोज न येता काही दिवसांच्या अंतराने येत आले आहे; त्यामुळे पाणी किती दिवसांनी येते, साठवणीची टाकी केवढी आहे, बोअर आहे का आणि टँकर मागवला तर खर्च कोणावर, हे प्रश्न विचारलेच पाहिजेत. खोलीपासून महाविद्यालय किंवा कारखाना यांचे अंतर, खानावळ आणि रात्री परतण्याची सोय या तीन गोष्टी भाड्यात जोडून पाहिल्या, तर स्वस्त वाटणारी दूरची खोली पुष्कळदा महाग निघते.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ नुसार भाड्याचा करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, आणि तो नोंदवण्याची जबाबदारी घरमालकाची असते. अनामत रक्कम, ती परत मिळण्याच्या अटी आणि वीजबिलाची वाटणी करारात लिहून घ्यावी. पैशाअभावी शहरातील शिक्षण सोडण्याची वेळ येऊ नये यासाठी वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आणि इतर पात्र विद्यार्थ्यांना डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना अशा योजना आहेत. त्यांची चौकशी प्रवेशाच्या वेळीच महाविद्यालयात करावी.

पाण्याच्या वाटेने जुने शहर

कामापुरते शहर ओळखून झाल्यावर एखादा दिवस निव्वळ पाहण्यासाठी ठेवावा, कारण ज्या शहराची घडण समजते ते परके वाटत नाही. जुन्या शहराची घडण पाण्यात आहे. कमी पावसाच्या खडकाळ जागी नगर वसवताना मलिक अंबरने उत्तरेकडील डोंगरांतून जमिनीखालून पाणी आणणारी नहर बांधली. ‘नहर-ए-अंबरी’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या योजनेत उंचावरचे पाणी केवळ उताराच्या बळावर वस्तीपर्यंत येत असे. पुढील काळात अशाच आणखी नहरी झाल्या, आणि त्यांतील एकीवर खाम नदीकाठची पाणचक्की चालत असे. तेथे डोंगरातून आलेले पाणी बंद नळीतून उंच भिंतीवर चढते, कारण उगमाची पातळी त्याहून उंच असते. मग ते भिंतीवरून हौदात कोसळते आणि याच पाण्याच्या जोराने पाते फिरून वरचे जाते चालत असे. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यातील फकिरांसाठी व यात्रेकरूंसाठी येथे पीठ दळले जाई. दुष्काळाची झळ सोसणाऱ्या मराठवाड्यातील प्रत्येक विद्यार्थ्याने ही रचना एकदा तरी प्रत्यक्ष पाहावी.

भडकल दरवाजापासून पाणचक्की आणि तेथून औरंगजेबाची पत्नी दिलरस बानू बेगम हिच्या स्मृतीसाठी तिचा मुलगा आझमशाह याने सतराव्या शतकात उभारलेला बीबी का मकबरा, ही एका सकाळीत होणारी फेरी आहे. दुपारनंतर पैठण गेट, गुलमंडी, सिटी चौक आणि शहागंज अशी बाजारफेरी पायी करावी. रेशीम आणि सूत यांच्या मिश्र विणीचे हिमरू कापड ही या शहराची खास ओळख असल्याने ते घेताना यंत्रावरचे आणि हातमागावरचे यांतील फरक दुकानदाराला विचारून घ्यावा. पायी फिरताना प्रत्येक गाठीवर थांबून आलेली दिशा मागे वळून पाहावी, कारण परतताना रस्ता उलट बाजूने दिसतो आणि ओळखीची वाटही अनोळखी भासते.

पुढची महानगरे

जर्मन समाजशास्त्रज्ञ गेओर्ग झिमेल यांनी १९०३ मध्ये महानगरी मनोवृत्तीवर लिहिलेल्या निबंधात असे दाखवले की, दिवसभर असंख्य माणसे आणि आवाज यांना तोंड द्यावे लागल्याने शहरवासी स्वतःभोवती अलिप्ततेचे कवच तयार करतो. गावाकडून आलेल्याला हे कवच तुसडेपणाचे वाटते आणि तो मनाने खचतो. परंतु ते कोणा एकाविरुद्ध नसते, आणि नेमका प्रश्न व नम्र शब्द यांपुढे ते सहसा टिकत नाही. हे समजले की शहराची भीती बरीच ओसरते.

एका शहरावर शिकलेली ही पद्धत पुढे कोठेही लागू पडते. मुंबईत मुख्य मार्ग रस्त्यांऐवजी लोकलचे आहेत. म्हणून तेथे आधी पश्चिम, मध्य आणि हार्बर या तीन मार्गांचा क्रम, दादर-कुर्ल्यासारख्या गाठी आणि धीम्या व जलद गाडीतील फरक शिकावा लागतो. पुण्यात स्वारगेट, शिवाजीनगर आणि पुणे स्टेशन या बसच्या तीन गाठी, मधून वाहणारी मुठा नदी आणि जुन्या पेठा यांपासून सुरुवात करता येते. शहरे बदलतात, पण मार्ग, कडा, विभाग, गाठी आणि खुणा हे पाच प्रश्न तेच राहतात.

हे ज्ञान आज बहुधा धक्के खाऊन मिळवावे लागते, आणि त्याची किंमत गरीब रुग्ण, पहिल्या पिढीतील विद्यार्थी व एकटी स्त्री यांना सर्वाधिक मोजावी लागते. ती किंमत कमी करणे गावाला सहज शक्य आहे. बदनापूर तालुक्यातील शाळा-महाविद्यालयांनी भूगोलाच्या तासाला जवळच्या महानगराचा नकाशा वाचायला शिकवला, ग्रंथालयांनी कार्यालये, वेळा, थांबे आणि मदतीचे क्रमांक यांचा तक्ता भिंतीवर लावून तो अद्ययावत ठेवला, आणि शहरात स्थिरावलेल्यांनी नव्याने निघणाऱ्याला पहिल्या फेरीत सोबत केली, तर घाटीच्या रांगेत, विद्यापीठाच्या दारात किंवा कारखान्याच्या फाटकाशी पोहोचलेल्या गावकऱ्याची शक्ती वाट शोधण्यात न संपता तो ज्या कामासाठी आला आहे त्या कामी लागेल.